शाळा जवळ, तरी पोरं गाडीनेच?

मुलगी ८ वर्षांची, शाळा अगदी चालण्यासारखी जवळ. तिला चालत जायचंय पण मला धीर होत नाही, फुटपाथ मधेच संपतो, उरलेल्यावर बाइका लावलेल्या, मग पोरं रस्त्यावरच उतरतात. तुम्ही कसं करता?

रिप्लाय १: खरा घोळ गेटवर. सगळे आईबाप गाडी घेऊन येतात, का तर म्हणे गाड्या फार आहेत! उभ्या गाड्यांच्या मधून पोर बाहेर आलं तर ड्रायव्हरला दिसतच नाही, त्याची उंची जेमतेम बोनेटएवढी.

रिप्लाय २: एकटीला नका सोडू हो, या वयात येणाऱ्या गाडीचा स्पीड नीट कळत नाही. 'वॉकिंग स्कूल बस' करा, म्हणजे रूट ठरलेला, वेळ ठरलेली आणि पालक पाळीपाळीने पोरं गोळा करत चालत नेतात.

रिप्लाय ३: आणि स्पीडचं काय? जागतिक आरोग्य संघटना अशा ठिकाणी ताशी ३० किमी म्हणते, पण नुसत्या बोर्डाला कोण विचारतं. स्पीडब्रेकर मागा, पालकांच्या सह्या घेऊन लेखीच द्या, तोंडी सांगून काही होत नाही.

प्रश्नकर्ती: बसचं बघते, लेनमध्ये अजून पोरं आहेत. दप्तराच्या ओझ्याचं मात्र कोणीच बोललं नाही!