कॉलनी 'विकली' म्हणणाऱ्यांनी आधी आमचे तीन जिने चढून दाखवावेत

(ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तिसरा मजला, डावीकडचं दार

परवा सगळीकडे फिरलेल्या 'आम्ही आमचं कोथरूड चौरस फुटांवर विकलं' या पोस्टला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण ती आईनेही वाचली आणि "आपण लोभी आहोत का रे?" असं विचारलं. आता लिहिणं भाग आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा: तीन मजली इमारती पाडून दहा-अकरा मजली उभ्या राहतायत, प्राजक्त गेला, गॅलरीतल्या गप्पा गेल्या, सभासद दीडशे-दोनशे फूट वाढीव जागेला भुलले, बिल्डरने कॉर्पस (सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम) दाखवला की म्हातारेसुद्धा सह्या करतात. लिहिणारे गृहस्थ स्वतःच्या बंगल्यात राहतात, ही माहिती पोस्टमध्ये नव्हती.

आता आमच्याकडे या. ऐंशीच्या दशकातलं बांधकाम, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. पेठेतल्या वाड्यातल्या सामायिक संडासातून सुटून आलेल्या माणसांना तेव्हा लिफ्टची आठवणही झाली नाही. सगळे चाळिशीच्या आत होते. आज त्याच जिन्यावर प्रत्येक वळणाला एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली आहे, दम लागला की टेकायला. मागच्या पावसाळ्यात समोरच्या आजोबांना रात्री दवाखान्यात न्यायचं होतं. स्ट्रेचर जिन्यात वळेना. शेवटी त्यातल्याच एका खुर्चीत बसवून, छातीभोवती ओढणी बांधून चौघांनी खाली आणलं. खुर्चीचा डावा मागचा पाय माझ्या हातात होता आणि तो वाकत होता. त्यानंतर मला प्राजक्ताबद्दल कुणी शिकवू नये.

आणि भुलण्याचं म्हणाल तर पुनर्विकासाबाबतच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती लागते, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती लागते, उपनिबंधक कार्यालयाचा माणूस समोर बसतो, चित्रीकरण होतं. आमच्या इतक्या सभा झाल्या की शेवटी बटाटेवड्यांचं बिल हा कार्यक्रमपत्रिकेवरचा वेगळा विषय झाला. रातोरात कुणी काही विकलेलं नाही.

प्राजक्त

पोस्ट माझी नाही, पण पुढे पाठवणाऱ्यांत मी आहे, त्यामुळे अंगावर घेते.

आजोबांचं वाचून वाईट वाटलं. पण लिफ्ट नाही म्हणून इमारत पाडायची? बाहेरून लिफ्ट बसवता येते, पुण्यात कितीतरी सोसायट्यांनी बसवली आहे. ते केलं नाही, कारण त्यातून पार्किंगसकट टू बीएचके मिळत नाही.

झाडांचं तर बोलूच नका. १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरचं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची, असं आहे. आमच्या शेजारच्या प्लॉटवर दोन आंबे आणि एक जांभूळ होतं. बदल्यातली झाडं कुठे लावली असं विचारलं तर साइटवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, फाइलमध्ये आहेत."

त्याच प्लॉटवर तळघर खोदताना पाणी लागलं. पंप लावून ते महिनाभर रस्त्यावर सोडून दिलं, आमच्या फाटकापुढे शेवाळ धरलं होतं. आता त्याच इमारतीला एप्रिलपासून टँकर लागतो. यालाच विकास म्हणायचं असेल तर म्हणा.

नऊ मीटर

मी याच कामात आहे (बिल्डर नाही, शिव्या जपून ठेवा).

प्राजक्तताई, बाहेरच्या लिफ्टचं सांगतो. तळमजल्यावरचे पैसे देत नाहीत, पहिल्यावरचे अर्धे देऊ म्हणतात, दुसऱ्यावरच्यांच्या खिडकीसमोर ती लिफ्ट येते म्हणून ते हरकत घेतात. उरले तिसरे. चार पेन्शनरांनी मिळून लिफ्ट, तिचा पाया आणि तिचं वीजबिल उचलायचं? माझ्या पाहण्यात जिथे झाली तिथे कुणाचा तरी मुलगा बाहेरून पैसे पाठवणारा होता.

उंची का वाढते तेही बघा. सध्याच्या नियमावलीत, मध्यवस्ती सोडून इतरत्र, नऊ मीटर रस्त्यावर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) १.१, सरकारला प्रीमियम भरून ०.५, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामहक्क) ०.४, म्हणजे २. त्यावर जिने-गॅलऱ्यांसाठीचा अ‍ॅन्सिलरी वेगळा. रस्ता अठरा ते चोवीस मीटर असेल तर तेच २.५ होतं. आणि नऊ मीटरच्या आत? प्रीमियम शून्य, टीडीआर शून्य, १.१ वर बसा. म्हणजे कुठली इमारत पडणार हे सभासदांच्या लोभावर नाही, समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं.

सहामीटरी

अगदी. आमच्या गल्लीत बिल्डर येतो, टेप लावतो आणि चहा न घेता जातो. स्लॅबचे पोपडे डोक्यात पडतायत, सळ्या दिसतायत. विकलं म्हणायला आधी गिऱ्हाईक लागतं हो.

डबा घेऊन उभी

तुमचं एफएसआय चालू द्या. मला एवढंच सांगा, आपल्या कोपऱ्यावरची गिरणी कुठे गेली?

कॉलनीतली ती इमारत रिकामी झाली, सभासदांना भाडं, सामान हलवायचे पैसे, सगळं मिळालं. गिरणीवाल्या दादांना "पंधरा दिवसांत मशीन उचला". तीस-पस्तीस वर्षं तिथे होते. दर अकरा महिन्यांनी नवा लीव्ह अँड लायसन्स करार, त्यामुळे भाडेकरू म्हणून कायद्याने हक्क नाही, सभासद नाहीत म्हणून वाढीव जागा नाही. इस्त्रीवाला गेला, चपला शिवणारे काका गेले. पण गिरणीचं मला सोसत नाही. आता दळणासाठी रिक्षा करून कर्व्यांच्या पुतळ्यापलीकडे जायचं. दळणापेक्षा रिक्षाचे पैसे जास्त.

माजी सेक्रेटरी

भावना समजू शकतो. परंतु वस्तुस्थिती नमूद करणे आवश्यक आहे. सदर गिरणी मंजूर नकाशात गॅरेज म्हणून दाखवलेल्या जागेत होती. म्हणजे मुळात वापरच अनधिकृत. आवाज, पिठाची धूळ, रस्त्यावर आडव्या लावलेल्या दुचाक्या, याबाबत तीन वेळा लेखी तक्रारी आल्या होत्या. अनधिकृत वापराला पुनर्वसन देता येत नाही.

डबा घेऊन उभी

तक्रारी कुणाच्या होत्या ते सगळ्यांना माहीत आहे, काका. पहिल्या मजल्यावरच्या, गिरणीच्या बरोबर वरच्या.

आणि अनधिकृतच काढायचं तर सुरुवात आत घेतलेल्या गॅलऱ्यांपासून करू. नकाशात तिथे गॅलरी आहे. तुमच्याकडे तिथे डायनिंग टेबल आहे.

माजी सेक्रेटरी

वैयक्तिक पातळीवर उतरण्याचे कारण नाही. बंदिस्त गॅलरीचे शुल्क आम्ही रीतसर भरलेले आहे. पावती आहे.

सॅन होजे ते सदाशिव

मी बाहेर असतो, पण आईबाबांचा फ्लॅट तिथेच आहे, त्यामुळे बोलतो. पिठासाठी एवढा वाद? पाकिटातला आटा मिळतो, नाहीतर घरघंटी घ्या. आईला मी घेऊन दिली, कोपऱ्यात बसते, बटण दाबलं की झालं. एखाद्या गिरणीसाठी साठ कुटुंबांचं भविष्य अडवायचं का?

डबा घेऊन उभी

कोण अडवतंय? आणि पाकिटातल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापून दाखवा मला. विरी गेलेलं पीठ असतं ते. तव्यावर टाकेपर्यंत कडेने चिरते. तुमच्या आईला विचारा घरघंटीत चकलीची भाजणी कशी दळली जाते. विचाराच.

सॅन होजे ते सदाशिव

विचारलं. म्हणाली, "घरघंटीत फक्त नाचणी दळते, बाकीचं बाबा गिरणीत नेत होते." हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

भाजणीवाली

आता आलात मुद्द्यावर!! आपले गिरणीवाले दादा बाजरीवर कधीच गहू टाकायचे नाहीत. बाजरीनंतर आधी ज्वारी घ्यायचे, मग गव्हाला हात. नाहीतर पहिल्या डब्याच्या पोळ्या काळपट होतात. उपासाचं दळण सोमवारी सकाळी, आदल्या रात्री सगळं झाडून पुसून. नव्या ठिकाणी मी राजगिरा दिला तर त्यात हरभऱ्याच्या डाळीचं पीठ निघालं. एकादशीला!

प्राजक्त

थालीपिठाची भाजणी ते जरा भरड ठेवायचे, न सांगता. डब्याच्या झाकणावर खडूने आडनाव लिहायचे आणि आमचं कायम चुकीचं. पण डबा कधी बदलला नाही.

एक रहिवासी (नाव कशाला)

गिरणीची आरती संपली असेल तर दुसरी बाजू. माझा मुलगा दम्याचा. गिरणीचा पंखा आमच्या खिडकीकडे तोंड करून होता. जाळीवर बोट फिरवलं की पांढरं. दादा चांगले होते, हात जोडून माफी मागायचे, पण पंखा तिथेच. मला ती गेल्याचं सुख आहे आणि ते मी लपवणार नाही. सगळ्या आठवणी गोडच असतात असं नाही.

डबा घेऊन उभी

मुलाचं माहीत होतं. पंख्याची दिशा फिरवायला पत्र्याचा डक्ट लागत होता, आम्ही काहीजणी वर्गणी काढायला तयार होतो. "अनधिकृत जागेत खर्च नको" असं कुणी लिहून दिलं होतं ते पुन्हा सांगत नाही.

माजी सेक्रेटरी

ते समितीचे सामूहिक मत होते.

तिसरा मजला, डावीकडचं दार

अहो, माझा धागा पुनर्विकासाचा आहे. मी जिन्यातली खुर्ची लिहिली, तुम्ही राजगिऱ्यावर पोचलात.

भाजणीवाली

तिसऱ्या मजल्यावर दळणाचा डबा कोण नेऊन द्यायचं, विचारा आईला. दादांचा पुतण्या. सणाला वीस रुपये जास्त दिले तर परत करायचा. पुनर्विकासाचाच विषय आहे हा.

तिसरा मजला, डावीकडचं दार

…बरं.

तिसऱ्यांदा घर बदलतोय

थोडं कडू बोलतो. आमची इमारत पाडली तेव्हा आम्हीही असेच आनंदात होतो. बिल्डरने वर्षभर भाडं दिलं, मग "बँकेचं काम अडकलंय" सुरू झालं. आता खड्डा आहे, त्यात पावसाचं पाणी आहे, आणि आम्ही पेन्शनमधून भाडं भरतोय. वडील नवं घर न बघताच गेले. करारात बँक हमी (बिल्डरने काम सोडलं तर बँकेने पैसे द्यायचे) होती, पण तिची मुदत संपली तेव्हा कुणी नूतनीकरण मागितलं नाही. तिसरा मजलावाले, तुमची ती हमी ताबा मिळेपर्यंत चालू राहते का, बघा. खुर्चीचा किस्सा सांगून झाल्यावर तेही बघा.

नऊ मीटर

हे शंभर टक्के. आणि २०१९ च्या त्याच शासन निर्णयात प्रकल्पखर्चाच्या वीस टक्के बँक हमीची अट आहे. लोक वाढीव फूट मोजत बसतात आणि हमीचं पान वाचत नाहीत. दुसरं, जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर असेल तर आधी डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे मालक सही देत नसला तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं. २००८ च्या दुरुस्तीपासून सोय आहे, तरी निम्म्या सोसायट्या बिल्डर दारात आल्यावर जाग्या होतात. मग तोच म्हणतो "मी करून देतो", आणि तुम्ही त्याचे मिंधे.

प्राजक्त

मग माझं काय चुकलं? मी पहिल्यापासून हेच सांगतेय.

नऊ मीटर

तुम्ही जांभळाचं सांगत होतात.

प्राजक्त

जांभळाचं तर सांगणारच. पण ठीक आहे, लिफ्टचा मुद्दा मी सोडते. तळमजल्यावर राहून लिफ्टबद्दल बोलू नये, असं घरातूनही ऐकून घेतलं आहे. टोमणा पोचला.

सॅन होजे ते सदाशिव

एक प्रामाणिक प्रश्न. नव्या इमारतीचा मेंटेनन्स किती? आमच्याकडे बिल्डरचा माणूस म्हणतो, "नाममात्र".

सहामीटरी

दोन लिफ्ट, जनरेटर, अग्निशमनाचे पंप, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) असेल तर तोही, दोन पाळ्यांचे वॉचमन, उन्हाळ्यात टँकर. पूर्वी चारेकशे रुपयांत जिना झाडून व्हायचा. माझ्या मावशीकडे आता महिन्याला हजारांत येतं, आणि लिफ्ट आहे म्हणून ती आनंदात आहे. दोन्ही खरं आहे, काय करता.

तिसरा मजला, डावीकडचं दार

मेंटेनन्सचं आईसमोर बोलू नका, ती परत "आपण लोभी आहोत का"वर येईल.

बँक हमीचं पान आत्ता काढून वाचलं. मुदत छत्तीस महिने, नूतनीकरणाबद्दल एक ओळ नाही. रविवारच्या सभेत काढतो. लिहिणाऱ्यांचे आभार, त्यातल्या निम्म्यांचे नाइलाजाने.

डबा घेऊन उभी

सभेत उभेच राहणार आहात तर अजून एक काढा. तुमचा नकाशा अजून मंजुरीला गेलेला नाही. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला दोन दुकानं दाखवली आहेत, मी सूचनाफलकावर पाहिलं. त्यातलं एक दहा बाय बाराचं, थ्री फेज कनेक्शनसकट, सोसायटीच्या मालकीचं ठेवा. बिल्डरला विकायला देऊ नका. भाड्याने द्या, पण दळण-इस्त्री असल्या कामालाच. भाडं मेंटेनन्सला येईल. पंखा मागच्या भिंतीकडे. दादांचं मशीन पुतण्याने गावाला नेलेलं नाही, वारज्यात नातेवाइकाच्या शेडमध्ये झाकून ठेवलं आहे, मी विचारून घेतलं.

सॅन होजे ते सदाशिव

त्या दुकानाची बाजारभावाने किंमत काढा एकदा. सभासद हक्क सोडतील असं वाटत नाही.

एक रहिवासी (नाव कशाला)

पंखा मागच्या भिंतीकडे आणि डक्ट छतापर्यंत, एवढं लेखी असेल तर माझी हरकत नाही. लेखी.

माजी सेक्रेटरी

असा विषय ऐनवेळी घेता येत नाही. सभेच्या सूचनेत तो नमूद असावा लागतो. उद्या दुपारपर्यंत किमान दोन सभासदांच्या सहीने समितीला पत्र द्या, मी पुरवणी सूचना काढायला सांगतो. मी माजी असलो तरी चालू सेक्रेटरींना फॉरमॅट मीच देतो. याचा अर्थ माझा पाठिंबा आहे असा कृपया काढू नये.

भाजणीवाली

एक सही माझी. काका, दुसरी तुमच्या मिसेसची आहे. आत्ताच फोन झाला.