सिल्फची मादी: व्हायोलेट-टेल्ड की लाँग-टेल्ड?

रानवाटा:
मंडळी, इक्वाडोरहून परत आलोय आणि चार दिवस सिल्फच्या (लांब शेपटीचा हमिंगबर्ड) एकाच फोटोवर अडकलोय. अँडीजच्या दोन्ही उतारांवर गेलो होतो, आधी पश्चिमेला तांडायापा खोरं मग पूर्वेला कोसांगाकडे, आणि मधेच कॅमेऱ्याचं घड्याळ रिसेट झालं, त्यात दोन्ही कार्डं मी एकाच फोल्डरमध्ये ओतली, आता कुठला फोटो कुठला काही कळत नाही. नर ओळखले, जांभळ्या शेपटीचा व्हायोलेट-टेल्ड सिल्फ, हिरवट-निळ्या शेपटीचा लाँग-टेल्ड. पण ही मादी? शेपटी आखूड, पोट तांबूस, गळ्यावर हिरवे ठिपके. कुणाची असेल?

धनेश_निरीक्षक:
छाती बघा आधी. व्हायोलेट-टेल्डच्या मादीत ठिपक्यांचा गळा आणि तांबूस पोट यांच्यामध्ये पांढरा पट्टा असतो, स्वच्छ दिसतो. लाँग-टेल्डच्या मादीत तांबूस रंग छातीवर वरपर्यंत चढलेला असतो. माथ्याच्या रंगावर जाऊ नका, उजेड फिरला की तो पण फिरतो.

मेघवन:
धनेश म्हणतात ते बरोबर, पण नरांबद्दल पण थोडं सांगते कारण तिथेच जास्त लोक फसतात. हमिंगबर्डच्या पिसांतला हा झगमगता रंग रंगद्रव्याचा नसतोच, पिसात मेलॅनिनच्या चपट्या चकत्यांचे थर असतात, त्यांच्या आत हवेचे बुडबुडे, आणि प्रकाश त्यांवर पडून कोनानुसार बदलणारा रंग तयार होतो. म्हणून तीच शेपटी एका फ्रेममध्ये जांभळी आणि पुढच्या फ्रेममध्ये निळी किंवा अगदी काळी दिसते. मी तर आधी जागा बघते. व्हायोलेट-टेल्ड फक्त कोलंबिया आणि इक्वाडोरच्या पश्चिम उतारावर, लाँग-टेल्ड व्हेनेझुएलापासून थेट बोलिव्हियापर्यंत. मधे अँडीजचा उंच थंड माथा, जेमतेम ५ ग्रॅमच्या जंगलातल्या पक्ष्याला तो ओलांडणं सोपं नाही.

धनेश_निरीक्षक:
इक्वाडोरच्या ट्रिपला हे चालेल, कोलंबियात मात्र जपून हं. तिथे पश्चिमेच्या डोंगररांगेत लाँग-टेल्ड पण आहे, सहसा जास्त उंचीवर. आणि गळ्यावरचा निळा-जांभळा डाग बघून व्हायोलेट-टेल्ड ठरवायचं म्हटलं तर पूर्व कोलंबियातल्या लाँग-टेल्ड नरालाही तो असतो!

रानवाटा:
झूम करून बघितलं. पांढरं काहीतरी आहे छातीवर पण ती फांदीवर अंग चोरून बसलीय, पिसं फुगलेली, पाऊस नुकताच थांबलेला. पट्टा आहे की नुसती फुगलेली पिसं, खात्री देता येत नाही.

मेघवन:
मग त्या फ्रेमच्या आगेमागे काय आहे ते बघा. फाइल नंबर तर शाबूत असतील ना? शेजारी रॅकेट-टेल असेल तर काम झालं, तोही हमिंगबर्डच, ज्याच्या नराच्या शेपटीच्या टोकाला दोन चकत्या लोंबतात. पश्चिमेला त्याच्या पायांवरचे पिसांचे गोंडे पांढरेशुभ्र, पूर्व उतारावर तेच गोंडे तांबूस.

रानवाटा:
तीन फ्रेम आधी रॅकेट-टेल आहे!! त्याच फीडरवर (साखरपाण्याच्या भांड्यावर), मागे तीच शेवाळलेली फांदी. गोंडे पांढरे, कापसासारखे. म्हणजे तांडायापा, म्हणजे व्हायोलेट-टेल्डचीच मादी. मेघवन ताई, हे मला जन्मात सुचलं नसतं, मनापासून आभार. आता अख्खा फोल्डर याच पद्धतीने लावायला घेतो.

धनेश_निरीक्षक:
छान झालं! लावताना शेवाळाचा गोळा आणि त्याला बाजूने भोक असा एखादा फोटो सापडला तर इथे नक्की टाका. बहुतेक हमिंगबर्डचं घरटं उघड्या वाटीसारखं असतं, सिल्फ मात्र वरून झाकलेलं बांधतात, मला ते कधीच बघायला मिळालेलं नाही.