जुनी ४० फुटी कॅटमरान घ्यावी का?

दर्यावर्दी: गोवा ते रत्नागिरी फिरायला शिडाची जुनी कॅटमरान (दोन सांगाडे मधल्या पुलाने जोडलेली बोट) बघतोय. एका सांगाड्याच्या बोटीपेक्षा फायदा किती, डोकेदुखी किती?

खाडीवाला: खरा फायदा उथळ पाण्यात. हिला साधारण ४ फूट पाणी पुरतं, तेवढ्याच लांबीच्या एकसांगाडी बोटीला ६-७ लागतं. सांगाड्यांच्या तळाला आखूड कणे (कील) असतील तर ओहोटीला वाळूवर सरळ बसते. एक इंजिन पुढच्या गिअरमध्ये, दुसरं मागच्या गिअरमध्ये टाकलं की जागच्या जागी वळते. पण रुंदी २२ फुटांच्या आसपास! आधी धक्क्यावर जागा आणि पावसाळ्यात वर काढायची सोय बघा, मगच इसार द्या.

नाखवा: वजन सांभाळा. जास्त भरलीत की मधला पूल पाण्याजवळ येतो, लाटा खालून धाडधाड आपटतात. शिवाय ती फारशी कलत नाही, त्यामुळे वारा वाढलेला अंगाला कळत नाही. वारामापकाचा आकडा बघून शीड वेळेत आखडा. उलटली तर आपोआप सरळ होत नाही.

सुकाणू: सेलड्राइव्ह (इंजिनाची ताकद तळातून खाली पंख्याला देणारा पाय) असतील तर तो पाय तळातून जातो तिथे पाणी अडवणारे रबरी पडदे कधी बदलले ते बिलावर तपासा. दोन इंजिनं, म्हणजे दोन्ही पडदे. बोट पाण्याबाहेर काढूनच ते काम होतं.