डीरेग्युलेशनला नियमनमुक्ती म्हणायचं की शिथिलीकरण?

२०२५ च्या बजेटमध्ये बिगर-वित्तीय क्षेत्रातले नियम, लायसन्स, परवानग्या तपासायला उच्चस्तरीय समितीची घोषणा झाली ना, त्यावर मराठीत लेख लिहितेय. डीरेग्युलेशनला, म्हणजे सरकारी नियम कमी करण्याला, ‘नियमनमुक्ती’ चालेल का? की ‘शिथिलीकरण’?

—

ताई, नियमनमुक्ती सरसकट नका वापरू. हा शब्द आपल्याकडे रुळला २०१६ मध्ये, सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला तेव्हा, म्हणजे शेतकऱ्याला बाजार समितीच्या आवाराबाहेर माल विकायला मोकळीक मिळाली आणि आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, व्यापाऱ्यांनी बंदही पाळला होता. तिथे बंधन खरंच उठलं म्हणून मुक्ती शोभते. पण २०२३ च्या जन विश्वास कायद्याचं बघा, ४२ कायद्यांमधल्या १८३ तरतुदी बदलल्या, नियम मात्र बहुतेक ठिकाणी तसेच आहेत, बदलली ती शिक्षा. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती, त्याजागी आता १० हजार ते १५ लाख दंड, तोही कोर्ट नाही, अधिकारी ठरवणार. कारखान्याने नदीत काहीही सोडलं तरी चालेल असा त्याचा अर्थ होत नाही, पण ‘मुक्ती’ वाचून लोकांना तसंच वाटणार. ह्याला ‘शिक्षा सौम्य केली’ असं सरळ लिहा.

—

मग ‘नियमांची छाटणी’ कसं वाटतं? द्राक्षबागेत करतात तशी, नको त्या काड्या काढायच्या.

—

छाटणी म्हटलं की कामगाराला आधी नोकरी गेलेली दिसते हो, उद्योगाच्या बातमीत तर नक्कीच घोळ होईल. मी ‘छाननी’ म्हणेन, कारण आधी तपासायचं आणि मग ठरवायचं हे त्यात येतं, आणि मला तोच क्रम महत्त्वाचा वाटतो. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीची सक्ती काढली, ऑनलाइन सूचना दिली की झालं, लोक अजून त्यालाच गुमास्ता, म्हणजे दुकानाचं लायसन्स, म्हणतात. छोट्या दुकानदाराची दगदग वाचली, फार चांगलं झालं. पण केमिकल कंपनीतली तपासणी ही त्याच रांगेतली गोष्ट नाही, डोंबिवली एमआयडीसीत २०१६ ला स्फोट झाला, २०२४ ला परत झाला, दोन्ही वेळा माणसं गेली. दुकानाची नोंदणी आणि कारखान्याची तपासणी, दोन्हींना ‘इन्स्पेक्टर राज’ म्हणून एकाच पोत्यात घालणारे प्रस्ताव येतात तेव्हा मला खरंच भीती वाटते.

—

पटलं, छाननीच घेते. आणि ‘कम्प्लायन्स’ला, म्हणजे नियम पाळण्याला? अनुपालन फारच सरकारी वाटतं.

—

पूर्तता. आणि कम्प्लायन्स बर्डनला आमच्या मार्केटमध्ये सगळे ‘कागदांचा जाच’च म्हणतात, तेच लिहा.