‘ॲक्टिव्ह लिसनिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न
समुपदेशन शिकणाऱ्यांसाठी एक पुस्तिका मराठीत लिहिते आहे. ‘ॲक्टिव्ह लिसनिंग’ला सगळीकडे ‘सक्रिय श्रवण’ दिसतं. पण समोर माणूस रडतोय आणि आपण ‘सक्रिय श्रवण करतोय’, हे वाक्य माझ्याच्यानं लिहवत नाही. दुसरं काही सुचतंय का?

प्रतिसाद १
‘ऐकून घेणे’ आहे की. नुसत्या ‘ऐकणे’ने भागत नाही, कारण तो अर्थ पार आज्ञापालनापर्यंत जातो. ‘मुलगा ऐकत नाही’ म्हटलं तर कोणी त्याचे कान तपासत नाही. ‘आधी माझं ऐकून तरी घे’ यात मात्र मागणी एवढीच असते, की तुझं मत जरा थांबव.

प्रतिसाद २
‘ऐकून घेणे’त निमूटपणाही आहे. ‘चूक नसताना ऐकून घ्यावं लागलं’ म्हणतो ना आपण! मूळ कल्पनेत ऐकणारा गप्प बसलेला नाही. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली ‘ॲक्टिव्ह लिसनिंग’ याच नावाची छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यात ऐकणाऱ्याला काम दिलंय: शब्दांमागची भावना ओळखायची आणि आपल्याला काय कळलं ते समोरच्याकडून तपासून घ्यायचं. कोणी म्हणालं, ‘घरात मला कुणी काही विचारतच नाही’, तर उपाय सांगत सुटायचं नाही. ‘एकटं पडल्यासारखं वाटतं का?’ एवढंच. तो म्हणेल, ‘एकटं नाही हो, राग येतो.’ म्हणजे आपला अंदाज चुकला, पण त्याला नेमका शब्द सापडला. ‘सक्रिय’ आलंय ते या कामासाठी.

प्रश्नकर्ती
मग ‘अवधान’? ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवातच ‘तरि अवधान एकलें दीजे’ अशी आहे.

प्रतिसाद २
शब्द देखणा आहे, पण तिथे श्रोत्यांनी वक्त्याकडे चित्त द्यायचंय. शिवाय मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘अवधान’ एकाग्रतेच्या अंगाने वापरून झालाय. घोटाळा होईल.

प्रतिसाद ३
मला तर खरी गोम ‘समज’मध्ये दिसते. ‘समजून घेणे’ आणि ‘समजूत घालणे’, मूळ एकच, दिशा उलट. गंमत म्हणजे समजूत घालतातही आणि काढतातही, आणि दोन्हींचा हेतू एकच: समोरच्यानं रडणं थांबवावं! ‘जाऊ दे’, ‘मनाला लावून घेऊ नकोस’ ही सगळी समजूत घालण्याची वाक्यं. वाईट हेतूनं कोणी म्हणत नाही, पण सांगणाऱ्याचं बोलणं तिथेच खुंटतं. ‘कळतंय मला’सुद्धा सुरावर आहे, घाईत म्हटलं तर ‘आता पुरे’ असंच ऐकू येतं. पुस्तिकेत ही जोडी जरूर द्या, व्याख्येपेक्षा लवकर पोचेल.

प्रश्नकर्ती
घेते. ‘सक्रिय श्रवण’ फक्त एकदा, संज्ञा म्हणून. पुढे सगळीकडे ‘ऐकून घेणे’. आणि तपासण्याच्या भागाला ‘कळलेलं बोलून दाखवणे’?

प्रतिसाद १
नको! उपकार बोलून दाखवतात. टोमणा वाटेल.

प्रतिसाद ३
‘विचारून घेणे’ करा. ‘मला असं कळलं, बरोबर आहे का?’ हा प्रश्नच आहे शेवटी.

प्रश्नकर्ती
ठरलं. ऐकून घेणे, विचारून घेणे, समजून घेणे. तिन्हीकडे ‘घेणे’च आलं, हे आत्ता लक्षात आलं.