गव्हर्नर खुर्चीवर असतानाच वारला तर पुढे काय? (१८३८, ग्रँट आणि आपले आंग्रे)

रेवदंड्याचा_बाळ्या
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. पुतण्याला शाळेत प्रोजेक्ट मिळालंय 'आपल्या जिल्ह्याचा इतिहास' आणि त्याच्या नादात तो राहिला बाजूला, मीच अडकलोय. कुलाबा संस्थानाबद्दल (म्हणजे आपल्या अलिबागच्या आंग्र्यांचं राज्य) वाचत होतो तर राघोजी आंग्रे २६ डिसेंबर १८३८ ला वारले असं दिसलं, आणि त्याच वर्षी जुलैत मुंबईचा गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट पण वारलेला, तोही पदावर असताना. आता राघोजी गेल्यावर काय झालं ते आम्हा अलिबागकडच्यांना सांगायला नको, दोन वर्षांत संस्थान गेलं. पण ग्रँट गेला तेव्हा काय झालं? तार नव्हती, सुएझचा कालवा नव्हता, लंडनला कळणार कधी आणि तिकडून दुसरा माणूस येणार कधी? मधल्या काळात कागदावर सही कोणाची व्हायची? आणि आंग्र्यांची फाइल नक्की कोणाच्या टेबलावर गेली? पुतण्या म्हणतो डलहौसी, मला काय ते पटत नाहीये.

दापोलीकर_मास्तर
आधी एक कबुली. 'ग्रँट दापोडीला वारला' हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दापोली वाचलं होतं आणि दोन दिवस घरात सांगत सुटलो की मुंबईचा गव्हर्नर आमच्या गावात गेला म्हणून, कारण आमच्याकडेही कँप होताच ना. ती पुण्याजवळची दापोडी निघाली. तिथे गव्हर्नरचा बंगला होता, पावसाळ्यात मुंबई सोडून साहेब लोक घाटावर जायचे. ९ जुलै १८३८ ला तिथे गेला आणि पुण्यातच सेंट मेरी चर्चमध्ये पुरला.

आता तुझा प्रश्न. गव्हर्नर एकटा राज्य करत नसे, त्याचं कौन्सिल असायचं. गव्हर्नर मेला, आजारी पडून गेला, काही झालं आणि वरून आधीच कोणाचं नाव ठरवून ठेवलेलं नसलं, की कौन्सिलातला सीनिअर मेंबर कामचलाऊ गव्हर्नर व्हायचा. ग्रँटच्या वेळी जेम्स फॅरिश होता, त्याने ११ जुलैला चार्ज घेतला. म्हणजे दोन दिवस! बोरघाटातून पावसात निरोप मुंबईला पोचायला जेवढा वेळ लागला असेल तेवढाच. मग हा फॅरिश ३१ मे १८३९ पर्यंत बसला, जवळजवळ अकरा महिने. का ते आपल्याला कळायला पाहिजे, जुलैत होडी कोण काढतो? आगबोटी सुरू झालेल्या, 'ह्यू लिंडसे' १८३० सालीच मुंबईहून सुएझपर्यंत जाऊन आलेली, पण नैर्ऋत्येचं वारं तोंडावर घेऊन अरबी समुद्र कापणं वेगळं. तर नवा गव्हर्नर रिवेट-कार्नॅक आला तो मृगाच्या तोंडावर.

आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. जोनाथन डंकन सोळा वर्षं गव्हर्नर राहून ११ ऑगस्ट १८११ ला मुंबईतच वारला, तेव्हा जॉर्ज ब्राउन नावाच्या माणसाने वर्षभर गाडा ओढला. डंकन रोड ऐकलाय ना, आता मौलाना आझाद रोड, तोच हा डंकन.

हिराकोट_कट्टा
बाळ्या, पुतण्याला सांग डलहौसी १८४८ ला आला, तोपर्यंत अलिबागवर कंपनीचा झेंडा लागून आठ वर्षं झाली होती. सगळ्यांना वाटतं दत्तक नामंजूर म्हणजे डलहौसी, पण आपलं संस्थान त्याच्या आधीच गिळलं, तेव्हा गव्हर्नर जनरल ऑकलंड होता.

झालं असं की १८२२ च्या तहात आंग्र्यांनी कंपनीचं वर्चस्व मान्य केलं आणि गादीवर कोण बसणार हे ठरवायचा हक्कही तिकडे गेला. राघोजी वारले तेव्हा घरातल्या बाई गरोदर होत्या, मुलगा झाला, नाव कान्होजी ठेवलं, मूळ पुरुषाचं. ते पोर फार जगलं नाही. मग विधवांनी दत्तक मागितला, नाही म्हणाले, १८४० ला संपलं. राघोजी गेले तेव्हा मुंबईत तो कामचलाऊ फॅरिश होता, आणि शेवटचा घाव कार्नॅकच्या काळात पडला. म्हणजे तुझ्या फाइलला दोन टेबलं.

मला यात खटकतं ते हे, की तिकडे साहेब गेला तर दोन दिवसांत दुसरा, रक्ताचं नातं नाही, काही नाही, नियमात बसतो म्हणून. आणि इकडे पाळण्यातलं पोर गेलं की शंभर सव्वाशे वर्षांचं आरमारी घराणं खलास, कारण नियम त्यांचाच. ओहोटीला चालत कुलाब्याच्या किल्ल्यात जातो ना आम्ही, गणपतीला, तेव्हा हमखास आठवतं.

मालवणी_पेढो
माझो काको तीस वर्सां ग्रँट रोडाक चाळीत ऱ्हवायचो, तेका कधी वाटला नाय ह्यो ग्रँट कोण तो :) म्हणजे माणूस मेलो आनि १८३९ त रस्तो झालो तेच्या नावाचो?

दापोलीकर_मास्तर
@मालवणी_पेढो होय, तोच. आणि ग्रँट मेडिकल कॉलेजसुद्धा त्याच्याच आठवणीत, १८४५ ला सुरू झालं, शेजारचं जेजे हॉस्पिटल जमशेटजी जीजीभाईंच्या लाखाच्या देणगीतून. पहिल्या बॅचमध्ये आपल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड होते, १८५१ ला पास.

पण माणूस नुसता रस्त्यापुरता नव्हता. आणि साधाही नव्हता! साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांवर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचे आरोप लावून जे प्रकरण पेटवलं ते ग्रँटच्याच काळात, त्याचा शेवट कार्नॅकने १८३९ ला महाराजांना गादीवरून काढून केला. एडनचंही (अरबस्तानाच्या टोकाचं बंदर) तसंच, कॅप्टन हेन्सला तिकडे पाठवला ग्रँटने, एडन हातात आलं जानेवारी १८३९ मध्ये, हा मेल्यावर सहा महिन्यांनी.

नवगावची_लेक
एक गंमत सांगू का, याच ग्रँटने इंग्लंडच्या पार्लमेंटात असताना १८३० आणि १८३३ ला ज्यूंना समान हक्क द्या म्हणून बिल आणलेलं, दुसऱ्यांदा कॉमन्समध्ये पास झालं आणि लॉर्ड्सनी पाडलं. आणि नंतर तो गव्हर्नर होऊन आला मुंबईला, जिथून समोर आमच्या नवगाव रेवदंड्याला बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, पिढ्यानपिढ्या तेल गाळत होते. आमच्या आजीच्या शेजारी एक घर होतं त्यांचं, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. माझ्या डोक्यात हे दोन कप्पे कधी जोडलेच गेले नव्हते.

रेवदंड्याचा_बाळ्या
बाप रे, धन्यवाद सगळ्यांना. पुतण्याला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला काका बाईंनी दोनच पानं सांगितलीत, फोटो चिकटवून. मी म्हटलं फॅरिशचं नाव तरी घाल, तर म्हणे स्पेलिंग येत नाही. असो, परवा सकाळी ओहोटी आहे, किल्ल्यात जाऊन फोटो काढतो. हिराकोट, येतोस का?