पावसाच्या पाण्यावरचा कुठला उपाय चांगला, हे चौथीच्या मुलांना पुराव्यानं ठरवायला कसं शिकवावं?

प्रश्न (वर्गशिक्षिका, कोल्हापूर): पट ३२. पावसाळ्यात शाळेच्या गेटपाशी पाणी तुंबतं. मुलांनी तीन उपाय सुचवलेत: गटार रुंद करणे, फरशी काढून हरळी लावणे, छपराचं पाणी शोषखड्ड्यात सोडणे. पण ज्याला त्याला आपलाच उपाय बरोबर वाटतो. हाताशी दोन तासिका आहेत.

उत्तर १: मॅडम, आधी हरळी आणि फरशी तपासा. ३० × ४० सेंमीचे प्लास्टिकचे ट्रे घ्या, ५ सेंमी माती भरा. एकात उघडी माती, दुसऱ्यात खुरप्यानं मुळांसकट उचललेली हरळी, तिसऱ्यात मातीवर फरशी, फटी ओल्या मातीनं बुजवलेल्या. ट्रेच्या एका टोकाला मातीच्या पातळीवर खाच पाडा आणि खाली मोजपात्र ठेवा. खाच खाली गेली तर झिरपलेलं पाणीही त्यातून येतं आणि वाहिलेलं किती ते कळत नाही. दुसऱ्या टोकाखाली सगळीकडे सारख्याच जाडीची वही. बाटलीच्या झाकणाला दाभणानं १० भोकं पाडून १ लिटर पाणी २ मिनिटांत शिंपडा. कडेची माती बोटानं नीट दाबायला सांगा, नाहीतर पाणी कडेनं सटकतं.

उत्तर २: त्यात एक भर. पहिल्या लिटरचा आकडा फळ्यावर लिहूच नका. कोरड्या काळ्या मातीला भेगा असतात, त्या पाणी गटागट पितात; भिजली की माती फुगते आणि भेगा मिटतात. आपल्याकडे जुलैत झड लागते, तेव्हा जमीन आधीच भिजलेली असते. दहा मिनिटांनी दुसरा लिटर ओता आणि तो मोजा. या ट्रेवर १ लिटर म्हणजे साधारण ८ मिमी पाऊस, हेही मुलांना करून दाखवता येतं. प्रत्येक ट्रे दोन गटांनी मोजावा. आकड्यांत फार फरक आला तर चूक शोधायची, सरासरी काढून पुढे जायचं नाही.

उत्तर ३: शोषखड्ड्याला ट्रे नको, बरणी पुरते. १ लिटरच्या बरणीत काठोकाठ खडी भरा आणि पाणी ओता. जेमतेम ४०० मिली मावतं. मग हिशेब द्या: १०० चौरस मीटर छपरावर २० मिमी पाऊस म्हणजे २,००० लिटर, १ × १ × १ मीटरच्या, दगडांनी भरलेल्या खड्ड्यात एका वेळी सुमारे ४०० लिटर. उरलेलं कुठं जाणार, हे मुलंच विचारतात. तो प्रश्न त्यांच्याकडूनच येऊ द्या, उत्तर देण्याची घाई नको.

प्रश्नकर्त्या: आणि गटाराचं काय? ते तर ट्रेमध्ये बसत नाही.

उत्तर ३: गटार पाणी जिरवत नाही, फक्त पुढे ढकलतं. पंचगंगा नदी चढली की तिला मिळणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी मागे फुगतं, तेव्हा रुंद गटारही तुंबतं. म्हणून 'पाणी पुढे कुणाच्या दारात जातं' हा निकष तिन्ही उपायांच्या तुलनेच्या तक्त्यात असू द्या. बाकीचे तीन: किती पाणी वाहिलं, खर्च, देखभाल. निकष पाणी ओतायच्या आधी ठरवा, नाहीतर मुलं आपल्या लाडक्या उपायाला सोयीचे निकष निवडतात. गुण १ ते ३ एवढेच ठेवा, आणि गुणाशेजारी कारण लिहिल्याशिवाय तो धरायचा नाही.

उत्तर १: बरोबरी झाली तर मतदान नको. बरोबरीतल्या एका उपायात एकच बदल करू द्या, उदाहरणार्थ ट्रेमधल्या हरळीखालची माती मुरूम मिसळून मोकळी करणे, आणि पुन्हा दुसरा लिटर मोजा.